कात्री ज्याच्या हातात

त्या मुलीने माफी मागितली नसती, तर बाई कदाचित गप्प बसल्या असत्या. दार उघडले होते बाईंच्या मुलाने. शाळेच्या फाटकापाशी, आधीच उभ्या असलेल्या गाड्यांच्या मध्ये आपली गाडी तिरपी घुसवून, लेकीचे डिकीतले दप्तर काढून द्यावे म्हणून त्याने मागे न बघता रस्त्याच्या अंगाचे दार ढकलले, आणि मागून येणारी एक सायकल त्या दाराला चुकवायला भर रस्त्यात वळली, लटपटली, आडवी झाली. पाठीमागचा टेम्पो करकचून थांबला. टायर घासल्याचा जळकट वास काचेच्या फटीतून आत आला. मागच्या सीटवर नातीशेजारी बसलेल्या बाईंनी हे सारे पाहिले, आणि फार स्पष्ट पाहिले. मोतीबिंदू नुकताच काढला होता; कित्येक वर्षे धुरकट झालेल्या जगाला पुन्हा कडा फुटल्या होत्या आणि त्या कडा डोळ्यांना बोचत होत्या. टेम्पोचे चाक दिसले. चाकापुढे पडलेली पाण्याची बाटली दिसली. बाटली आणि चाक यांच्या मधले वीतभर डांबर दिसले, त्यातली खडी न् खडी दिसली. मग ती मुलगी उठली. बाईंच्या नातीहूनही लहान. गणवेश गुडघ्यावर फाटला होता. तिने गुडघा झटकला, सायकलचे पुढचे चाक पायांत धरून हँडल सरळ केले आणि दारात अर्धा आत, अर्धा बाहेर असलेल्या बाईंच्या मुलाकडे बघून म्हणाली, "सॉरी, काका."

"बघून चालवावी गं," तो म्हणाला. रागाने नव्हे, अगदी मायेने. बाईंना तेच लागले.

नात उतरून शाळेत गेली, गाडी पुढे निघाली. मुलगा बोलत होता. हल्लीची पोरे कशी बेफाम, आईबाप कसे बेफिकीर, एवढ्याशा जिवाला एवढ्या रहदारीत सोडतात तरी कसे. बाई काचेबाहेर बघत होत्या. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरे वाचायला सांगितली आणि बाईंनी अगदी तळाची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचून दाखवली. आता काही सुटायचं नाही तुमच्या नजरेतून, असे डॉक्टर हसत म्हणाले. त्यावर बाई हसल्या नाहीत. त्यांच्या कानात ते दोन शब्द रुतून बसले होते. पडलेल्याने पाडणाऱ्याची माफी मागितली होती. ज्याचा जीव वीतभरावरून वाचला त्याने, ज्याच्या दाराला साधा ओरखडासुद्धा उमटला नव्हता त्याची. आणि त्याने ती घेतली होती. घेणारा त्यांचा मुलगा होता, आणि हा मुलगा वाढला होता बाईंच्या कापण्याच्या टेबलाखाली.

बाईंचा शाळांचे गणवेश शिवण्याचा कारखाना होता. मोठी खोली, ओळीने यंत्रे, आणि मधोमध ते टेबल: लांबलचक, कडांना हातांनी गुळगुळीत झालेले. त्यावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, बायकांनी दोन्ही बाजूंनी तळहात दाबून ते धरायचे, आणि कापणाऱ्याने खडूच्या रेघेवरून मोठी कात्री चालवत न्यायची. टेबलाखाली कातरणाच्या ढिगात बसून मुलगा चिंध्यांची गाठोडी बांधायचा, गाठोड्यांना गिऱ्हाइकांची नावे द्यायचा आणि बाईंच्याच आवाजात त्यांच्याशी घासाघीस करायचा. त्या टेबलाला एकच कायदा होता आणि तो बाईंनी स्वतः केला होता. थांबायचे ते कात्रीवाल्याने. हात कुठेही येवो, कसाही येवो, मध्येच येवो, वेंधळेपणाने येवो. कात्री ज्याच्या हातात, नजर त्याची, जबाबदारी त्याची, आणि बोटाला नख लागले तरी सगळ्यांसमोर माफी मागायची ती त्याने. एकदा एक नवा कापणारा कुरकुरला होता, की बाई, ही पोरगी मध्येच हात घालते. हात घालणारच, बाईंनी त्याला सुनावले होते. हात आहेत म्हणून तुझी कात्री आहे. आणि त्याच वेळी ती पोरगी, बोटातून रक्त ठिबकत असताना, त्या कापणाऱ्याला म्हणाली होती, चुकलं माझं. बाईंचा पारा चढला तो तिच्यावर. पुन्हा बोटाने कात्रीची माफी मागितलेली माझ्या कारखान्यात चालायची नाही, असे त्यांनी तिला सगळ्यांदेखत बजावले आणि मग स्वतःच्या हाताने तिच्या बोटाला पट्टी बांधली. ती पोरगी रडली ती बोटासाठी नव्हे. टेबलाखालचा मुलगा तेव्हा गाठोडी सोडून डोळे विस्फारून वर बघत होता. त्याने ऐकले होते. बाईंना पक्के आठवत होते की त्याने ऐकले होते.

संध्याकाळी जेवताना त्याने तो प्रसंग बायकोला गंमत म्हणून सांगितला. टेम्पोवाल्याचा चेहरा कसा पांढराफटक पडला, याची नक्कलही केली. सूनबाई हसल्या नाहीत, पण काही बोलल्याही नाहीत. त्या घरात बोलण्याआधी बाईंकडे बघण्याची रीत होती. मग त्याने खरी बातमी सांगितली. शाळेच्या पालक समितीत तो होता, आणि समितीने आता ठरवूनच टाकले होते की मुलांनी सायकलने यायचेच नाही. फाटकाला लागून असलेली सायकली लावायची जागा पालकांच्या गाड्यांसाठी मोकळी करायची. म्हणजे दुहेरी गाड्या लागणार नाहीत, दारे धडाधड उघडणार नाहीत, कुणी पडणार नाही. सूचना त्याचीच होती. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते बाईंनी त्याच्या लहानपणीही पाहिले होते, गाठोड्याची गाठ पक्की बसल्यावर.

नातीने चमचा खाली ठेवला. सारा दिवस गरगरत असायची म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. त्या क्षणी ती अगदी स्थिर होती. या वर्षापासून सायकलने जायचे, असे तिला कबूल केलेले होते. इमारतीच्या आवारात फेऱ्या मारून तिने तिथली फरशी झिजवली होती. "मग मी कधी जाणार?" तिने विचारले.

"मोठी झालीस की."

"मोठी झाल्यावर मी गाडी चालवीन. सायकल आत्ताच चालवायची असते ना?"

त्याने समजावले. रस्ता पूर्वीचा राहिला नाही, राणी. किती गाड्या असतात बघतेस ना.

"कोणाच्या?" बाईंनी विचारले.

"काय कोणाच्या?"

"गाड्या. शाळेच्या दारात सकाळी ज्या असतात, त्या कोणाच्या असतात?"

तो पाणी प्यायला. सूनबाईंनी उगीचच भांडी इकडची तिकडे केली. उत्तर टेबलावर सगळ्यांच्या मध्ये पडलेले होते आणि कोणी उचलत नव्हते. मुले चालत येत नाहीत कारण गाड्या फार. गाड्या फार कारण मुले चालत येत नाहीत. एवढे शिकलेसवरले लोक या भोवऱ्यात दररोज सकाळी इंजिन चालू ठेवून फिरत होते, आणि आता त्यातून निघायची वाट सापडली म्हणून खूश झाले होते. ती वाट म्हणजे सायकली हाकलून द्यायच्या. बोटे छाटून टाकली की कात्री कुणाला लागायची नाही.

बाई पालकसभेला गेल्या. नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिथे त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली, पाणी दिले, आणि जो तो त्यांना आजी म्हणू लागला. बाई त्यांच्यापैकी एकाचीही आजी नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपले म्हणणे मांडले: गाड्या वळणाच्या अलीकडेच थांबवाव्यात, तिथून फाटकापर्यंतची गल्ली शाळा भरताना आणि सुटताना मुलांना मोकळी द्यावी, चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना. थोडेसे अंतर आहे. त्याने कुणाचे पाय झिजायचे नाहीत. लगेच सगळ्यांचे पाय दुखू लागले. कुणाला कचेरी गाठायची होती, कुणाच्या मुलाचे दप्तर जड होते, कुणाच्या मुलीला धूळ सोसत नव्हती. मुख्याध्यापिका मृदू बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही हे मुलांच्या काळजीपोटीच करतो आहोत. मग बाईंनी त्यांना टेबलाचा कायदा सांगितला. तेव्हा त्यांचा मुलगा, समितीच्या बाकावरून, फार आदराने म्हणाला, "आई, रस्ता म्हणजे तुझा कारखाना नाही."

लोक हसले. वाईट हसू नव्हते ते, कौतुकाचेच होते. आणि नंतर त्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंच्या उत्साहासाठी, या वयातल्या आवाजासाठी. टाळ्या वाजवूनही माणसाला खाली बसवता येते, हे बाईंना त्या दिवशी कळले. निर्णय जिथल्या तिथे राहिला. सोमवारपासून सायकली बंद.

मधले दिवस बाईंनी शाळेच्या वाटेवरच्या आपल्या खिडकीत काढले. नव्या डोळ्यांना जे दिसत होते त्याचा कंटाळा येत नव्हता, पण ते सहनही होत नव्हते. भिंतीला अंग घासत चालणारी मुले. गाडी जवळ आली की गटाराच्या झाकणावर चढून उभी राहणारी मुले. हॉर्न वाजला की बोलता बोलता, मागे न बघता, आपोआप आक्रसणारे खांदे. त्या खांद्यांची मापे बाईंनी आयुष्यभर घेतली होती. मुलांचे कपडे बेतताना आत माया सोडायची, वर्षभराने उसवून वाढवता यावी म्हणून. मूल वाढणार हे कापडालासुद्धा ठाऊक असायचे. या रस्त्याला ते ठाऊक नव्हते. सायकलवरून पडलेल्या त्या मुलीला बाई रोज शोधत. ती कधी दिसली नाही. दुसऱ्या वाटेने जात असेल, किंवा तिलाही आता कुणी गाडीत बसवून काचा वर करून नेत असेल. आणि मग नको असताना जुने काही वर यायचे. नवरा गेल्यानंतरची पहिली वर्षे. कारखाना म्हणजे एकच यंत्र. शिवलेले सदरे गाठोड्यात बांधून सायकलच्या मागे लादून त्या स्वतः पोचवायला जात. एका मोटारीने त्यांना कडेला दाबले होते, गाठोडे चिखलात पडले होते, आणि चालकाने काच खाली करून विचारले होते, की रस्ता काय तुझ्या बापाचा आहे? बाईंनी तेव्हा उत्तर दिले नव्हते. घरी येऊन एकेक सदरा पुन्हा धुतला होता. पोटाचा प्रश्न होता, पदरी पोर होते. आता पोटाचा प्रश्न नव्हता. पोर समितीवर होते. उत्तर मात्र इतकी वर्षे घशात तसेच होते, आणि ते काही आंबलेले नव्हते. चांगले धार धरून होते.

सोमवारी बाईंनी भिंगरीला हाक मारली आणि सायकल काढायला सांगितली. मुलगा अंघोळीला गेला होता. चाकांत हवा कमी असेल म्हणून बाई पंप शोधू लागल्या, तर चाके टणक होती. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात, हात पुसत, भलतीकडेच बघत उभ्या होत्या. त्यांच्या तळहातांना पंपाच्या दांड्याचे काळे लागले होते. बाईंनी ते पाहिले. "आजपासून मी सोडते हिला," काठी हातात घेत एवढेच त्या म्हणाल्या. सूनबाईंनी मान हलवली आणि घाईघाईने आत जाऊन अंघोळीच्या दारावरून नवऱ्याला सांगितले, की तुमचा इस्त्रीचा शर्ट सापडत नाहीये, जरा वेळ लागेल.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाईंनी नातीला आतल्या अंगाला घेतले आणि स्वतः रस्त्याच्या अंगाला झाल्या. कडेला नव्हे, कडा गाड्यांनी व्यापलेल्याच होत्या. उरलेल्या मधल्या पट्ट्यातून, लहान मुलाने चालवावी तितक्या हळू सायकल आणि म्हाताऱ्या माणसाने चालावे तितक्या वेगाने बाई, अशी ती वरात निघाली. पाठीमागे पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा, मग सगळे मिळून. आवाज पाठीतून शिरून छातीत घुमत होता. गुडघे सांगत होते, बाजूला हो. आयुष्यभर रस्त्याने शिकवलेले शरीर तेच सांगत होते, आणि त्या शरीराला ओढत पुढे नेणे हे बाईंना त्यांच्या कोणत्याही कामापेक्षा अवघड जात होते. त्यातच एक शंका सापासारखी पायात आली: हे मी हिच्यासाठी करते आहे, की सभेतल्या त्या टाळ्यांचे उट्टे काढायला? माझ्या हट्टाला हिचा गुडघा गहाण? त्यांनी नातीकडे पाहिले. भिंगरी ओठ घट्ट मिटून, मान ताठ करून, पुढे बघत पायडल मारत होती. भ्यायली होती. पण खांदे आक्रसलेले नव्हते. बाईंना तेवढे पुरले. एक गाडी त्यांच्या टाचेपर्यंत येऊन भिडली, तेव्हा त्या थांबल्या, वळल्या, आणि गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर त्यांनी तळहात दाबून ठेवला, कापडाच्या थरावर ठेवावा तसा. चालकाने डोके बाहेर काढले. "आजी, मरायचंय का?"

"मला घाई नाही," बाई म्हणाल्या. "घाई तुम्हाला दिसतेय."

आणि त्याचे इंजिन खालच्या सुरात येईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.

फाटकापाशी पहारेकरी वाटच बघत होता. सायकल आत न्यायची नाही, वरून हुकूम आहे, असे त्याने दुःखी चेहऱ्याने सांगितले. बाई म्हणाल्या, हुकूम मोडायचा नाही. मुलगी आत जाईल, सायकल बाहेर माझ्यापाशी राहील. बाहेर म्हणजे कुठे, ते त्यांनी काठीने दाखवले. फाटकाला लागून सायकलींची जुनी जागा होती. तिथे गाड्यांसाठी नवे पांढरे पट्टे मारले होते आणि रंग अजून चकचकत होता. बाईंनी पहारेकऱ्याकडे बसायला काही मागितले. त्याने इकडेतिकडे बघून आपले स्टूल दिले, आणि मी दिलं नाही, तुम्ही घेतलंत, असे वर सांगून ठेवले. भिंगरी आत गेली. तेव्हा बाईंच्या ध्यानात आले की फाटकाच्या भिंतीशी आणखी काही मुले सायकली धरून घुटमळत आहेत. त्यांच्या घरी गाड्या नव्हत्या. बंदीचा निरोप पोचला होता, पण पोचायचे कसे ते कुणी सांगितले नव्हते. त्यातल्या एकीने धीर करून विचारले, की आजी, माझी पण बघाल का? तिच्या तोंडून बाईंना आजी हा शब्द खटकला नाही.

"लाव," बाई म्हणाल्या. "ओळीत लावा सगळ्यांनी. हँडलं एका बाजूला. कशीतरी टेकवलेली मला चालणार नाही."

कशीतरी टेकवायची कुणाची हिंमत झाली नाही. शाळा भरली, गल्ली ओस पडली. ऊन पांढऱ्या पट्ट्यांवर सरकत आले. मुख्याध्यापिका बाहेर आल्या, नियमाबद्दल मृदूपणे बोलल्या. बाईंनी सगळे ऐकून घेतले. आतली जागा तुमची, त्यांनी सांगितले, फाटकाबाहेरची नाही. मी म्हातारी बाई, उन्हाला बसले आहे, आणि माझ्या शेजारी सायकली आहेत. हलवायच्या असतील तर माझ्यासकट हलवा. मुख्याध्यापिका बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि थोड्या वेळाने पहारेकऱ्याच्या हातून चहा आला. बाईंनी तो घेतला. चहा घेतल्याने माघार होत नाही.

शाळा सुटायच्या सुमारास गाड्या येऊ लागल्या. नव्या पट्ट्यांकडे वळायच्या, सायकलींची ओळ आणि स्टुलावरची ताठ बसलेली बाई बघून थबकायच्या, आणि पुढे जायच्या. मग बाईंच्या मुलाची गाडी आली. वळायचा दिवा लुकलुकत होता. त्याने काच खाली केली. चेहरा उतरलेला होता. सकाळपासून त्याला किती जणांनी फोन केले असतील याचा बाईंना अंदाज होता.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. तेवढ्यासाठीच बसले आहे."

"थोड्या सायकली बाजूला घे. एवढी गाडी लावू दे मला. मग घरी बोलू."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. कानशिलावरचे पिकलेले केस दिसले, डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसली, स्टिअरिंगवर आवळलेली बोटे दिसली. त्यांना त्याची कणव आली. ती त्यांनी गिळली.

"जागा भरली आहे," त्या म्हणाल्या. "पुढे जा."

मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. आपल्याच समितीतल्या लोकांचे हॉर्न पाठीवर घेत तो काही क्षण तसाच राहिला. मग लुकलुकता दिवा बंद झाला आणि गाडी पुढे गेली, वळणाच्याही पुढे. शाळेची घंटा वाजली. मुले फाटकातून फुटून बाहेर आली, आपापल्या सायकली ओळखून काढू लागली, आणि त्या गोंधळातून तो चालत परत आला. घामेजलेला, शर्टाला कुठल्याशा गाडीची धूळ पुसलेली. बाईंच्या स्टुलाशेजारी उभा राहिला. भिंगरीने दप्तर मागच्या कॅरिअरला अडकवताना बापाकडे पाहिले, पण तिने विचारले काही नाही आणि त्यानेही तिला गाडीत चल म्हटले नाही.

"उद्याही बसणार आहेस?" त्याने शेवटी विचारले.

बाईंनी काठी टेकली आणि त्याने पुढे केलेला हात न घेता त्या उठल्या. कंबर करकरली.

"हे स्टूल फार बुटकं आहे," त्या म्हणाल्या. "उद्या घरातली पाठीची खुर्ची घेऊन ये. आणि चालत आण. गाडीला इथे जागा नाही."